विळीच्या धारेला गवसणी

छत्तीसगढमधल्या भिलाईत मुंबई-हावडा रेल्वेमार्गाच्या एका अंगाला पोलाद कारखान्याची सेक्टरं आहेत आणि दुसऱ्या अंगाला, जीई रोडवर, सुपेला ही वस्ती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्यापाठोपाठ देशभरातली माणसं इथं आली आणि त्यांची स्वयंपाकघरंही आली. नागपूर-वर्ध्याकडच्या मराठी घरांत विळी, जिला विदर्भात पावशीही म्हणतात. शेजारच्या बंगाली घरात बोंटी, ओडिया घरात पनिकी, तेलुगू घरात कत्तिपीट आणि मूळ छत्तीसगढी घरात पहसुल. घडण थोडीथोडी वेगळी, पण काम एकच. पाट पायाखाली दाबायचा, उभ्या पात्याची वाकडी धार आपल्याकडे ठेवायची आणि दोन्ही हातांनी भाजी धारेवर न्यायची.

आणखी एका बाबतीत ही सगळी पाती सारखी आहेत. भाजी चिरून झाली की बहुतेक घरांत ती उघडीच राहतात. विळी ओट्याखाली सरकवली जाते, दाराआड आडवी टेकवली जाते, किंवा धुऊन इतर भांड्यांबरोबर पालथी घातली जाते. चिरताना नजर पात्यावर असते, बोटं सावध असतात. खरा धोका त्यानंतरचा आहे. अंधारात ओट्याखाली हात घालणारा, रांगत आलेलं मूल, केरसुणी फिरवणारी बाई, भांड्यांच्या ढिगातून विळी उपसणारी मुलगी, यांच्यापैकी कुणालाही धार कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक नसतं. शेतावरच्या विळ्याचंही तेच. धान कापताना तो कापणाऱ्याच्या ताब्यात असतो; सायकलच्या कॅरिअरला अडकवून घरी आणताना तो कुणाच्याच ताब्यात नसतो.

म्हणून या धारेला गवसणी हवी, आणि ती घरी करता येते. खर्च फार नाही, अवजारं घरात असतात. फक्त वाकड्या पात्याचं गणित सरळ सुरीपेक्षा निराळं आहे, ते आधी समजून घ्यायला हवं.

सरळ सुरी म्यानात टोकाकडून सरकते. म्हणून बाजारात मिळणारी प्लास्टिकची टोपणं सरळ सुऱ्यांसाठीच असतात. वाकडं पातं म्यानात सरकण्यासाठी दोन अटी असतात. त्याचा बाक मुळापासून टोकापर्यंत एकसारखा, म्हणजे एकाच वर्तुळाच्या तुकड्यासारखा हवा आणि पात्याची रुंदी टोकाकडे वाढता कामा नये. जुन्या तलवारींच्या कारागिरांना हे पक्कं माहीत होतं. फार बाकदार शमशिरीचं म्यान तोंडाजवळ पाठीच्या बाजूने चिरलेलं असे, कारण त्याशिवाय ती बाहेरच आली नसती. नेपाळी खुकरीचं पातं मधे पोटात रुंद होतं, म्हणून तिच्या म्यानाचं तोंडही तेवढंच रुंद ठेवावं लागतं. खुकरी वापरणारे आणखी एक पथ्य पाळतात: ती उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, धारेच्या बाजूला बोटं गुंडाळायची नाहीत. धार आतून म्यान फाडून बाहेर आली तर बोटं वाचावीत म्हणून. हे पथ्य विळीच्या गवसणीलाही जसंच्या तसं लागू आहे.

विळी आणि विळा दोन्हींचा बाक एकसारखा नसतो. मुळाशी तो जवळजवळ सरळ असतो आणि टोकाकडे एकदम वळतो. त्यात विळीच्या टोकाला बहुधा नारळ खवण्याची दातेरी खवणी असते, तीही पात्याहून रुंद. तेव्हा टोकाकडून सरकवायचं म्यान इथं चालणारच नाही. गवसणी धारेच्या बाजूने समोरून बसवायची आणि पाठीमागे बांधायची, हा एकच मार्ग उरतो.

यासाठी सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे बागेला पाणी घालायचा रबरी किंवा मऊ पीव्हीसी पाइप. अर्ध्या इंचाचा पुरतो. घरात जुना, गळका तुकडा पडलेला असेल तर तोच घ्यावा. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात हातभर पाइप कापून मिळतो. त्याच दुकानातून गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती बारीक पारदर्शक नळीही तेवढीच घ्यावी. ती कशाला, ते पुढे येईल. शिवाय सायकलची जुनी ट्यूब, एक धारदार कटर आणि जाड सुतळी.

आधी माप. पट्टी वाकड्या धारेवर बसत नाही, म्हणून दोरा वापरावा. विळी आडवी ठेवून, धारेपासून बोटभर अंतर राखून, पात्याच्या अंगावरच दोरा मुळापासून टोकापर्यंत बाकाबरोबर फिरवावा. धारेच्या कडेवर दोरा ताणू नये. दोरा तुटतो आणि त्याबरोबर बोट घसरतं. आलेल्या लांबीत दोन सेंटिमीटर वाढवून पाइप कापावा. ही वाढीव लांबी टोकाच्या पुढे राहते आणि टोक झाकते.

आता चीर. इथं बरेच जण चुकतात. बागेचा पाइप गुंडाळून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याला एक नैसर्गिक बाक असतो आणि तो कधी पूर्ण जात नाही. त्या बाकाचा उपयोग करून घ्यायचा. विळी-विळ्याची धार आतल्या, खोलगट बाजूला असते. त्यांच्यासाठी पाइपाची चीर वेटोळ्याच्या बाहेरच्या बाजूने पाडावी. मग पाइप आपोआप धारेच्या बाकात बसतो. मटणाची सुरी किंवा कुठलंही पातं ज्याची धार पोटासारखी बाहेर आलेली असते, त्याच्यासाठी चीर वेटोळ्याच्या आतल्या बाजूने. उलटी चीर पाडली तर पाइप सतत निसटू पाहतो आणि कितीही बांधला तरी दोन दिवसांत सैल होतो.

चीर सरळ यावी म्हणून पाइपावर छापलेली रेघ किंवा साच्याचा सांधा पाहून पेनाने खूण करावी. पाइप हातात धरून कापू नये. जुन्या पाटावर दोन खिळे ठोकून त्यांच्यामधे तो अडकवावा आणि कटर आपल्यापासून दूर चालवावा. एका दमात आरपार जायची घाई नको. पहिल्या फेरीत ओरखडा, दुसरीत चीर. पाइप थंडीत कडक होतो, तेव्हा दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवून घेतला की कटर सहज चालतो.

एवढ्यावर थांबलं तर गवसणी दिसायला तयार होते, पण ती टिकत नाही. पातं चिरेतून आत जातं आणि त्याची धार समोरच्या भिंतीला टेकते. कुणी चुकून दाबलं, विळी पडली, की धार ती भिंत आतून कापत जाते. महिनाभराने बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून अर्धा चिरलेला असतो. चामड्याचं म्यान शिवणारे कारागीर यासाठी दोन थरांच्या मधे, धारेच्या बाजूला, चामड्याची एक जाड पट्टी घालतात. धार टाक्यांना न लागता त्या पट्टीवर टेकते. पाइपात हेच काम ती बारीक लेव्हलची नळी करते. मोठ्या पाइपाच्या पोटात ती लांबीभर घालावी आणि दोन्ही टोकांना सुईदोऱ्याने टाका मारून पक्की करावी. मग धार आधी या नळीवर टेकते आणि बाहेरची भिंत अभंग राहते. नळी नसेल तर जुन्या हवाई चपलेच्या रबराची बोटभर रुंद पट्टी कापून घालावी. ती तर आणखी चांगली, कारण धार तिच्यात किंचित रुतते आणि गवसणी हलत नाही.

बांधण्यासाठी सायकलची ट्यूब आडवी कापावी. सेंटिमीटरभर रुंदीची रबरी कडी मिळतात. तीन पुरेत: मुळाशी एक, मधे एक, टोकाशी एक. विळीच्या खवणीवरून कडी ओढणं जड जातं, म्हणून तिथं कड्याऐवजी रबराची पट्टी वापरून पाठीमागे गाठ मारावी. गाठ नेहमी पात्याच्या पाठीवर, धारेच्या बाजूला कधीच नाही. खवणीच्या दात्यांना वेगळी टोपी लागते. जाड रेक्झिनचा तुकडा दुमडून, दोन बाजू शिवून ती होते. साध्या कापडाची केली तर दाते त्यात अडकतात आणि काढताना हिसका बसतो.

गवसणी बसवताना विळी आडवी ठेवावी, धार आपल्यापासून पलीकडे असावी आणि पाट पायाने दाबलेला असावा. चीर मुळाशी लावून, मुळाकडून टोकाकडे पाइप बसवत जावा. बोटं पाइपाच्या दोन्ही अंगांना ठेवावीत. धारेच्या समोरच्या भिंतीवर तळवा टेकवून दाबू नये. शेवटी घट्ट बसवायला लाटणं वापरावं. काढताना उलटा क्रम, टोकाकडून मुळाकडे. पाइपाच्या टोकाला सुतळीचा एक फास ठेवला की तो ओढून गवसणी सुटते आणि हात धारेजवळ न्यावा लागत नाही. हाच फास विळीच्या पाटाला बांधून ठेवावा. घरातल्या सुट्या टोपणांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. गवसणी विळीपासून वेगळी झाली की आठ दिवसांत ती सापडेनाशी होते.

मग परीक्षा घ्यावी. गवसणी घातलेल्या पात्यावर धारेच्या बाजूने वर्तमानपत्राची घडी ठेवून लाटण्याने जोरात दाबावं. कागदावर चीर उमटली तर आतली पट्टी बदलायला हवी. नंतर विळी उलटी धरून जमिनीच्या अगदी जवळ दोनदा झटकावी. पाइप सुटला तर कडी सैल आहेत.

घडीची विळी असेल तर काय? तिचं पातं पुढे मिटतं आणि धार पाटावर आडवी पडते, त्यामुळे ती उभ्या विळीपेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. तरी खिळा झिजला की पातं आपोआप उघडतं, आणि मिटलेल्या पात्याचं टोक व खवणी पाटाबाहेर डोकावतात. तिला पूर्ण पाइप नको. पातं आणि पाट मिळून बांधणारा रुंद पट्टा आणि खवणीची टोपी एवढं बस्स.

दातेरी विळ्याची गोष्ट निराळी. छत्तीसगढ हा धानाचा प्रदेश, आणि धान कापणीला दातेरी विळा सोयीचा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा हे या जातीचे. त्यांना पुन्हा पुन्हा धार लावावी लागत नाही, हे त्यांचं मोठं सुख. पण दाते मऊ पाइपाला करवतासारखे खातात. त्यांच्यासाठी विजेच्या वायरिंगचा कडक पीव्हीसी पाइप घ्यावा, त्याचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करावेत, प्रत्येकाला लांबीतून चीर पाडावी आणि मधे थोडी फट ठेवून सगळे तुकडे चिरेच्या विरुद्ध बाजूने कापडी टेपच्या लांब पट्टीवर चिकटवावेत. फटींमुळे ही माळ बाकाप्रमाणे वळते. अखंड कडक पाइप आचेवर वाकवायचा मोह टाळावा. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, फुप्फुसांना घातक धूर निघतो. वाकवायचाच असेल तर उकळतं पाणी पुरेसं आहे.

ज्यांना टिकाऊ आणि देखणी वस्तू हवी त्यांनी चामड्याची करून घ्यावी. विळा जाड कागदावर ठेवून त्याची आकृती काढावी, चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर वाढवावं आणि तो कागद घेऊन चपला शिवणाऱ्या कारागिराकडे जावं. दोन चंद्रकोरी, मधे धारेच्या बाजूने पट्टी, तिन्ही थरांतून टाके, पाठीची बाजू उघडी आणि तिच्यावर टिच बटणाचे दोन पट्टे, इतकं सांगितलं की त्याला कळतं. कोल्हापुरी चपलेसाठी हिरडा-बाभळीने कमावतात तसं जाड, ताठ चामडं यासाठी उत्तम. मऊ चामडं आकार धरत नाही.

चामड्याचा एक दोष मात्र आहे. ते ओलावा धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्लं त्यात राहतात. लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून घडवलेला विळा गंजणाऱ्या पोलादाचा असतो. पावसाळाभर तो चामड्यात बंद राहिला की काळे डाग आणि गंज ठरलेला. म्हणून चामड्याची गवसणी नेण्या-आणण्यासाठी, आणि पाइपाची ठेवण्यासाठी, अशी वाटणी केलेली बरी. पाइपाच्याही खालच्या टोकाला भोक ठेवावं म्हणजे पाणी साचणार नाही. विळी पुसून, कोरडी करून, खोबरेल तेलाचा हात फिरवूनच झाकावी. अळशीचं तेल लावू नये. ते हवेने सुकून चिकट पापुद्रा धरतं, मग पातं गवसणीला चिकटतं आणि ओढताना हिसका बसतो.

कोकणात कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवायची रीत आहे. माडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि सवयीच्या माणसाला ती शोभतेही. पण आकडी कोयता धरून ठेवते, धार झाकत नाही. एसटीत, रिक्षात, मुलांच्या घोळक्यात तो तसाच नेणं बरोबर नाही. दिवाळीच्या सुमाराला बीडसारख्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा संसार, मुलं आणि कोयते एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीत असतात. तिथं हातभर पाइपाची ही गवसणी खरोखर गरजेची आहे. साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी मनावर घेतलं तर एका हंगामात प्रत्येक कोयत्याला ती मिळू शकते.

प्रवासात कायद्याचाही विचार हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं नियमनाखाली येतात. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली मात्र त्यातून वगळलेली आहेत. विळी-विळा या सवलतीत बसतो. तरी तो हातात मिरवत न्यायची वस्तू नाही. निवडणुकीच्या किंवा जमावबंदीच्या काळात स्थानिक आदेश अधिक कडक असू शकतात. गवसणी घालून, कापडात गुंडाळून, सामानाच्या तळाशी ठेवावा. नागपूरहून भिलाईला येणाऱ्या लेकीच्या सामानात आईने विळी दिली तर ती अशीच यावी. विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाहीच. चेक-इन बॅगेतही धार झाकलेली हवी, कारण बॅग तपासणाऱ्याचे हात तिच्यावर पडतात.

एवढं करूनही कधी कापलंच तर वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावं आणि हात उंच ठेवावा. दर मिनिटाला कापड उचलून पाहू नये. दहा मिनिटं सलग दाब हवा. खोल जखमेत हळद, चहापूड, चुना भरू नये. डॉक्टरांना ते सगळं उपसून काढावं लागतं. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल तर आतली शीर किंवा स्नायूचा दोर तुटलेला असू शकतो, तेव्हा घरी वेळ घालवू नये. सुपेल्यात लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय आहे, सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगावं.

गवसणी एकदा केली की कायमची झाली, असं नाही. रबर उन्हाने तडकतं, आतली पट्टी झिजते. ती तपासायला पंचांगातच दोन चांगले दिवस आहेत. छत्तीसगढमध्ये हरेलीला नांगर, कुदळ, हंसिया म्हणजे विळा धुऊन त्यांची पूजा करतात. तो दिवस म्हणजेच आपली आषाढातली दिव्यांची अवस. दुसरा दिवस खंडेनवमीचा, जेव्हा मराठी घरांत शस्त्रं आणि अवजारं पुजली जातात. एक भर पावसाळ्यात, गंजाच्या दिवसांत. दुसरा धानकापणीच्या तोंडावर. त्या दोन्ही दिवशी हळदकुंकू लावण्याआधी गवसणी काढून आतली पट्टी पाहावी, चिरली असेल तर बदलावी, नवी कडी घालावीत.

आणि पहिली गवसणी करायची ती विळीला नवी धार लावून आणाल त्याच दिवशी. ताज्या धारेची सवय घरात कुणाच्याच हाताला झालेली नसते. सुपेल्याच्या रविवारच्या बाजाराला जाणार असाल तर विळीच्या मापाचा दोरा खिशात ठेवा, आणि येताना हातभर पाइप घेऊन या.